क्वार्टरबॅक भारी असला म्हणजे टीम कायम जिंकते का?

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगची फायनल, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे इथे ती लाइव्ह बघणारे मोजकेच. पण ज्यांचं कुणी न्यू जर्सीत नाहीतर डलासला आहे त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात एकच भांडण असतं: आम्हाला एक धड क्वार्टरबॅक मिळाला असता ना, तर आज आम्ही कुठल्या कुठे असतो. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही की मैदानात अकरा जण, टीममध्ये त्रेपन्न, मग सगळं बिल एकाच माणसाच्या नावावर का फाडतात?

माझं मत आधीच सांगून टाकतो. क्वार्टरबॅक टीमचं सगळ्यात वाईट वर्ष किती वाईट जाणार ते ठरवतो. कप किती येणार हे तो एकटा ठरवत नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून भांडण संपत नाही.

हा माणूस नेमकं करतो काय

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. ज्या टीमकडे बॉल आहे तिने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेली तर परत चार प्रयत्न, नाही गेली तर बॉल समोरच्याला. असं करत मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात बॉल नेला की टचडाउन, सहा पॉइंट. यातला जवळपास प्रत्येक प्रयत्न क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होतो.

प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवरून चाल सांगतो, पण प्रयत्न सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो. त्यानंतर समोरचा बचाव कसा उभा आहे, कोण पुढे घुसणार, कोण मागे पळणार हे बघून चाल तशीच ठेवायची की बदलायची ते याने ठरवायचं, ओरडून बाकीच्या दहा जणांना सांगायचं, आणि बॉल हातात आला की साधारण अडीच-तीन सेकंदात तो फेकायचा, नाहीतर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येतात. चुकीच्या जागी फेकला आणि समोरच्याने झेलला तर ते इंटरसेप्शन, म्हणजे बॉल गेलाच.

नियमही वर्षानुवर्षं त्याच्या बाजूने वाकत गेलेत. १९७८ मध्ये पळत्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, बचावपटूने किती अंतरापर्यंत अडवायचं यावर मर्यादा आली, २००४ पासून ती कडक पाळायला लागले, आणि क्वार्टरबॅकला जरा जोरात आपटलं तरी आता दंड बसतो. पास मारणं सोपं झालं तसा पास मारणारा महाग झाला.

आता दुसरी बाजू बघा. बॉल समोरच्याकडे गेला की हा माणूस बाकावर जाऊन बसतो. बचावाचे अकरा वेगळे असतात, म्हणजे अर्धी मॅच तो आपल्यासारखाच प्रेक्षक. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

तो नसला की काय होतं

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण इंडियानापोलिस कोल्ट्सचं आहे. पेटन मॅनिंग होता तेव्हा ही टीम २००२ पासून २०१० पर्यंत सलग नऊ वर्षं प्लेऑफमध्ये गेली (प्लेऑफ म्हणजे सीझन संपल्यावरची बाद फेरी). २०१० ला १० विजय ६ पराभव. मग मानेच्या ऑपरेशनमुळे मॅनिंग २०११ चा अख्खा सीझन बाहेर बसला. कोल्ट्सनी केरी कॉलिन्सला खेळवून बघितलं, कर्टिस पेंटरला बघितलं, डॅन ऑर्लोव्स्कीला बघितलं. पहिल्या १३ मॅच सलग हरले, शेवटी २ विजय १४ पराभव. मालक तोच, प्रशिक्षक तोच, बरेचसे खेळाडूही तेच. पुढच्या वर्षी अँड्र्यू लक नावाचा नवा मुलगा आला आणि थेट ११ विजय. लकने २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुखापतींना कंटाळून अवघ्या २९ व्या वर्षी निवृत्ती घेतली आणि कोल्ट्सचं परत सुरू झालं, एक वर्ष हा, एक वर्ष तो, भाड्याने आणल्यासारखे.

पण थांबा, याच्या बरोब्बर उलट उदाहरणही आहे. २००८ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी पहिल्याच मॅचमध्ये गुडघा मोडून वर्षभर बाहेर गेला. त्याच्या जागी मॅट कॅसल आला, जो कॉलेजमध्येसुद्धा राखीवच होता. टीमने ११ मॅच जिंकल्या! दुर्दैवाने प्लेऑफ हुकलं ते सोडा, पण ११ म्हणजे ११. मात्र आदल्या वर्षी ब्रेडीसोबत हीच टीम साखळीत १६ पैकी १६ जिंकली होती, म्हणजे पाच विजय गेलेच. फरक एवढाच की कोल्ट्सनी सगळी टीम मॅनिंगभोवती बांधली होती आणि तो काढल्यावर खाली काहीच उरलं नाही, पेट्रियट्सचं घर त्याच्याशिवायही उभं होतं.

मग मॅनिंगने कप किती जिंकले?

दोन. आणि त्यातला दुसरा कसा जिंकला ते ऐकण्यासारखं आहे.

कोल्ट्सनी सोडल्यावर तो डेन्व्हर ब्रॉन्कोसकडे गेला. २०१३ मध्ये त्याने एका सीझनमध्ये ५५ टचडाउन पास आणि ५,४७७ यार्ड असे दोन्ही विक्रम केले, क्वार्टरबॅकने याहून जास्त काय करायचं? सुपर बोलमध्ये समोर सिॲटल सीहॉक्स. पहिलाच प्रयत्न, मॅनिंग चाल बदलायला ओरडत पुढे सरकला आणि मधल्या खेळाडूने बॉल मागे टाकला तो त्याच्या डोक्यावरून थेट स्वतःच्याच टोकाच्या पट्ट्यात. १२ सेकंदांत समोरच्याला दोन पॉइंट फुकट. तिथून जी घसरण लागली ती ४३-८ वर थांबली.

दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, तोच मॅनिंग ३९ वर्षांचा, हातात जोर उरलेला नाही, सीझनमध्ये फक्त ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन, मध्येच त्याला बसवून दुसऱ्यालाही खेळवलं. आणि त्या वर्षी डेन्व्हरने सुपर बोल जिंकला, २४-१०, कॅरोलिना पँथर्सविरुद्ध. मॅनिंगचे पास सगळे मिळून १४१ यार्ड. सामनावीर झाला बचावातला व्हॉन मिलर, ज्याने दोनदा समोरच्या क्वार्टरबॅकच्या हातातून बॉल उडवला आणि दोन्ही वेळा डेन्व्हरला टचडाउन मिळालं. म्हणजे आयुष्यातल्या सर्वोत्तम वर्षी फटका आणि सर्वात वाईट वर्षी कप.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, बचाव जिंकून देतो, क्वार्टरबॅकची गरजच काय. तर मग पुढचं बघा. मॅनिंग निवृत्त झाला, बचाव बराचसा तोच होता, आणि डेन्व्हर २०१६ ते २०२३ सलग आठ वर्षं प्लेऑफमध्ये गेलं नाही. बचावाने एक कप आणला खरा, पण पुढची आठ वर्षं तो एकटा टीमला वर धरून ठेवू शकला नाही.

ग्रीन बे पॅकर्सचं उलटं. १९९२ ते २०२२, आधी ब्रेट फाव्र आणि मग ॲरन रॉजर्स, तीस वर्षं लागोपाठ दोन महान क्वार्टरबॅक, असं सुख फार कमी टीमना मिळालं. प्लेऑफ जवळपास ठरलेलं. कप? १९९६ च्या सीझनचा एक, २०१० चा एक. आणि मायामीचा डॅन मरीनो तर १७ सीझन खेळला, १९८४ मध्ये ५,०८४ यार्डांचा तेव्हाचा विक्रम केला, कप एकही नाही.

एका मॅचचा खेळ

याचं मुख्य कारण प्लेऑफची रचनाच आहे. आयपीएलमध्ये पहिल्या दोन टीमना हरल्यावर आणखी एक संधी मिळते, इथे नाही, हरलात की घरी.

२० जानेवारी २०१९, कॅन्सस सिटी. चीफ्स विरुद्ध पेट्रियट्स, जिंकेल तो सुपर बोलला. चीफ्सचा पॅट्रिक महोम्स, पूर्णवेळ क्वार्टरबॅक म्हणून पहिलंच वर्ष. चीफ्स २८-२४ पुढे, एक मिनिटाच्या आसपास बाकी, आणि ब्रेडीचा पास त्याच्याच माणसाच्या हातातून उडाला आणि चीफ्सच्या खेळाडूने झेलला. संपलं! स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. आणि मग रेफरीचा पिवळा रुमाल दिसला, चीफ्सचा डी फोर्ड सुरुवातीलाच रेषेच्या पुढे उभा होता, ऑफसाइड. झेल रद्द. पेट्रियट्सनी टचडाउन केलं, महोम्सने उरलेल्या काही सेकंदांत टीमला पुढे नेऊन फील्ड गोलने (बॉल लाथेने खांबांमधून मारला की तीन पॉइंट) ३१-३१ केलं, सामना जादा वेळेत गेला, टॉस पेट्रियट्सनी जिंकला, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्याच फेरीत टचडाउन झालं तर मॅच तिथेच खलास. ब्रेडीने तीन वेळा तिसऱ्या प्रयत्नात दहा-दहा यार्ड काढले. ३७-३१. महोम्सला जादा वेळेत बॉलला हात लावायलाही मिळाला नाही.

गंमत म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये हेच बरोब्बर उलटं घडलं, महोम्सने जादा वेळेत टचडाउन केलं आणि बफेलोचा जॉश ॲलन बाकावरून बघत राहिला. त्यानंतर कुठे प्लेऑफपुरता नियम बदलला आणि दोन्ही टीमना बॉल मिळायला लागला.

यातला फोर्डचा पाय आणि टॉसचं नाणं, दोन्हीपैकी काहीच क्वार्टरबॅकच्या हातात नव्हतं. पण महोम्सची टीम २०१८ ते २०२४ सातही सीझन त्या टप्प्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या आदल्या मॅचपर्यंत पोचली. सातपैकी पाच वेळा सुपर बोल, त्यातले तीन जिंकले. चांगल्या क्वार्टरबॅकचं खरं मोल इथे आहे: तो दरवर्षी लॉटरीचं तिकीट काढून देतो. आणि फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल आठवा, फिलाडेल्फियाच्या पुढच्या फळीने महोम्सला सहा वेळा बॉलसकट जमिनीवर पाडलं आणि ४०-२२ ने मॅच नेली. क्वार्टरबॅकला वाचवणारी आपल्याच पुढच्या फळीची भिंत उभी राहिली नाही तर महोम्स असो की कुणी, फेकायला वेळच मिळत नाही.

पैशाचं काय?

इथे सॅलरी कॅप समजून घ्यायला लागेल. १९९४ पासून लीगमध्ये प्रत्येक टीमने खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा आहे, मालक कितीही गर्भश्रीमंत असो. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. त्याच वर्षी डलासने डॅक प्रेस्कॉटशी वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा करार केला. आयपीएलवाल्यांना हे लगेच कळेल: २०२५ साठी टीमकडे १२० कोटी आणि त्यातले २७ कोटी एकट्या ऋषभ पंतवर, साधारण तेवढाच वाटा. फक्त इथे उरलेल्या पैशात बावन्न जण बसवायचेत. (प्रत्यक्षात कराराचा भार वर्षावर्षांत पुढेमागे ढकलता येतो, अकाउंटंट लोकांची मोठी कसरत असते ती, पण मूळ हिशोब हाच.)

म्हणून सगळ्यात मोठी चंगळ कुणाची, तर ज्यांचा क्वार्टरबॅक चांगला आहे आणि अजून स्वस्त आहे त्यांची. कॉलेजमधून खेळाडू घेतात त्याला ड्राफ्ट म्हणतात, आदल्या वर्षी सर्वात वाईट खेळलेली टीम आधी निवडते. २०११ पासून या नव्या मुलांचे पगार बांधून टाकले. २०१० मध्ये पहिल्या नंबरला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले होते, पुढच्याच वर्षी पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. सिॲटलने मॅनिंगला ४३-८ ने धुतलं तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन तिसऱ्या फेरीत मिळालेला, वर्षाला दहा लाख डॉलरसुद्धा घेत नव्हता, वाचलेल्या पैशात बचाव उभा केला होता.

आणि मग बिल येतं. बाल्टिमोरच्या जो फ्लॅकोने २०१२ च्या सीझनचा कप जिंकला, लगेच १२ कोटी डॉलरच्या वरचा करार, आणि पुढच्या पाच सीझनमध्ये टीम एकदाच प्लेऑफमध्ये. विल्सनला तर २०२२ मध्ये डेन्व्हरने पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क आणि वर तीन खेळाडू देऊन आणलं, पहिल्या वर्षी ५ विजय १२ पराभव. त्याच वर्षी त्याला विकणारं सिॲटल जीनो स्मिथला घेऊन प्लेऑफमध्ये गेलं, ज्याला सगळ्यांनी संपलेला म्हणून सोडून दिलं होतं.

मला विचाराल तर बऱ्यापैकी क्वार्टरबॅकला महान क्वार्टरबॅकचे पैसे देणं ही या लीगमधली सगळ्यात महागडी चूक आहे. महोम्सला २०२० मध्ये दहा वर्षांची मुदतवाढ आणि ५० कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार दिला तरी चीफ्स जिंकत राहिले, पण त्यासाठी त्यांना टायरीक हिलसारखा रिसीव्हर मायामीला देऊन टाकावा लागला आणि सातव्या फेरीत मिळालेल्या आयझाया पाचेकोसारख्या स्वस्त पोरांवर भागवावं लागलं. भागलं, कारण निवड चांगली होती.

"पण डिल्फरने जिंकलंच की!"

हा मुद्दा प्रत्येक वादात येतो. २००० चं बाल्टिमोर रेव्हन्स, क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर, अगदी साधा खेळाडू. त्या सीझनमध्ये टीमच्या आक्रमणाने सलग पाच मॅच एकही टचडाउन केलं नव्हतं, आणि तरी कप जिंकला, कारण बचावाने १६ मॅचमध्ये मिळून फक्त १६५ पॉइंट दिले. पण असा बचाव दरवर्षी येत नाही, बचावपटू म्हातारे होतात, महाग होतात, निघून जातात. आणि कप जिंकून दिल्यावर बाल्टिमोरने डिल्फरलाच सोडून दिलं, हे त्यांचं स्वतःचं मत समजा.

यापेक्षा जड उदाहरण वॉशिंग्टनच्या जो गिब्सचं. १९८२, १९८७, १९९१, तीन सीझन, तीन कप, तीन वेगवेगळे क्वार्टरबॅक: थाइसमन, डग विल्यम्स, रिपिन. हे टिकाऊ यशच होतं, नाकारता येत नाही. फक्त ते सॅलरी कॅपच्या आधीचं आहे, तेव्हा चांगली पुढची फळी वर्षानुवर्षं एकत्र ठेवता येत होती.

ब्रेडी की बेलिचिक?

पेट्रियट्सचे सहा कप क्वार्टरबॅकचे की प्रशिक्षक बिल बेलिचिकचे, यावर अमेरिकेत वीस वर्षं कीस पाडून झालाय. ब्रेडी २०२० मध्ये टॅम्पा बेला गेला, आदल्या वर्षी ७ जिंकलेली टीम पहिल्याच वर्षी कप घेऊन आली. पेट्रियट्स त्या वर्षी ७-९, २०२३ मध्ये ४-१३, आणि बेलिचिक गेला. केस बंद?

तशी नाही. ब्रेडीचा पहिला कप बघा. २००१, मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो दुसऱ्याच मॅचमध्ये जबर जखमी झाला म्हणून हा १९९ व्या नंबरला निवडलेला पोरगा आत आला. सुपर बोलमध्ये त्याचे पास १४५ यार्ड, एक टचडाउन. त्या दिवशी सेंट लुईस रॅम्सचं आक्रमण रोखलं ते बेलिचिकच्या बचावाने. म्हणजे सुरुवातीला टीमने ब्रेडीला सांभाळलं, नंतर ब्रेडीने टीमला. आणि टॅम्पातही बचाव आणि रिसीव्हर आधीच चांगले होते, नव्हता तो चुका न करणारा क्वार्टरबॅक.

तोच माणूस, दुसरी टीम

जॅरेड गॉफ रॅम्सकडे २०१६ मध्ये पहिल्या नंबरला आला, सात मॅच खेळला, सातही हरला. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे प्रशिक्षक झाला आणि टीम ११-५. २०१८ ला सुपर बोल, तिथे ३ पॉइंटांत गारद. मग २०२१ मध्ये रॅम्सनी गॉफ आणि वर पहिल्या फेरीचे दोन हक्क देऊन डेट्रॉइट लायन्सचा मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. स्टॅफर्ड डेट्रॉइटमध्ये १२ सीझन खेळला होता, प्लेऑफमध्ये तीनदा गेला, तिन्ही हरला. रॅम्सकडे पहिल्याच वर्षी कप! सगळे म्हणाले झालं, डेट्रॉइट फसलं.

१४ जानेवारी २०२४, डेट्रॉइट, प्लेऑफ, एका बाजूला गॉफ, दुसऱ्या बाजूला स्टॅफर्ड. लायन्स २४-२३. डेट्रॉइटचा ३२ वर्षांतला पहिला प्लेऑफ विजय, आणि अख्खं स्टेडियम गॉफच्या नावाने ओरडत होतं, त्याच गॉफच्या, ज्याच्यासोबत रॅम्सनी वरून दक्षिणा दिली होती. कारण त्या दक्षिणेतून आणि इतर निवडींतून डेट्रॉइटने चांगली टीम उभी केली होती, पुढच्या फळीसकट. पुढच्या सीझनला साखळीत १५ विजय.

स्टॅफर्ड १२ वर्षं वाईट होता का? नाही. गॉफ एका वर्षात शहाणा झाला का? तेही नाही. क्वार्टरबॅकचा दर्जा म्हणून आपण जे मोजतो त्यातला बराच भाग प्रशिक्षक आणि त्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतल्या पाच धिप्पाड माणसांचा असतो.

मग ड्राफ्टमधून सरळ चांगला उचलायचा ना

उचलून बघा. २०२१ मध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, फील्ड्स, मॅक जोन्स. २०२४ चा सीझन सुरू होईपर्यंत पाचपैकी चार आपापल्या पहिल्या टीममध्ये उरले नव्हते. लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीचे तीन हक्क घातले होते, आणि त्यांना सुपर बोलला नेलं ते २०२२ च्या ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या, २६२ व्या, ब्रॉक पर्डीने. क्लीव्हलंड ब्राउन्सनी १९९९ पासून इतके क्वार्टरबॅक बदलले की चाहते जर्सीवर सगळी नावं एकाखाली एक लिहून खोडायचे. २०१७ मध्ये १६ पैकी १६ हरले.

टिकणाऱ्या टीम काय करतात

गरज पडायच्या आधी शोधतात. पॅकर्सनी रॉजर्स निवडला २००५ मध्ये, फाव्र खेळत असताना, आणि तीन वर्षं बाकावर बसवला. जॉर्डन लव्ह निवडला २०२० मध्ये, रॉजर्स खेळत असताना, त्याच्यावर चाहते केवढे खवळले होते. चीफ्सकडे २०१६ मध्ये ॲलेक्स स्मिथ होता, १२ विजय, कुणाची तक्रार नाही, आणि तरी पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीचे दोन हक्क खर्चून ते २७ वरून १० व्या नंबरवर सरकले आणि महोम्स घेतला, त्यालाही एक वर्ष बसवला. यश येत असताना पुढच्याची सोय करणं फार अवघड असतं, कारण तो पैसा आणि तो हक्क आत्ताच्या टीमला वापरता आला असता आणि आत्ताचा स्टार नाराज होतो तो वेगळाच.

पेट्रियट्सनीही हे केलं होतं. २०१४ मध्ये दुसऱ्या फेरीत जिमी गॅरोपोलो घेतला, ब्रेडीच्या मागे तयार केला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दुसऱ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात देऊन टाकला, कारण चाळिशीतला ब्रेडी थांबायचं नाव घेत नव्हता. त्यानंतर ब्रेडीने त्यांना आणखी एक कप जिंकून दिला. तो मार्च २०२० मध्ये गेला तेव्हा मात्र मागे तयार कुणीच नव्हतं.